माऊस बोलू नका, कीबोर्ड बोला

प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीत राहणाऱ्या आणि महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघणाऱ्या एका ताईंची दोन्ही मनगटं पाच महिने दुखतायत. डॉक्टरांनी कीबोर्ड आणि माऊस शक्य तितका कमी करायला सांगितलाय. त्यांनी विंडोज 11 मधलं व्हॉइस अ‍ॅक्सेस, म्हणजे बोलून संगणक चालवण्याची सोय, दोन दिवस वापरून पाहिलं. एक मेल लिहायला वीस मिनिटं गेली आणि शेवटी तो हातानेच पाठवावा लागला. ऑफिसचं जीमेल आहे, दिवसभर पाच-सहा पोर्टल्स उघडी असतात, काही मेल मराठीत लिहावे लागतात. हे सगळं आवाजावर खरंच चालतं का, आणि मराठीत चालतं का, असं त्या विचारतायत.

चालतं. हे आधी सांगते, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच हात टेकतात, आणि तुम्ही आत्ता नेमक्या तिथेच उभ्या आहात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं क्लिनिक आहे, आणि गेली पंधरा वर्षं मी हात दुखणाऱ्या, हात थरथरणाऱ्या, मणक्याच्या दुखापतीनंतर हातच न हलणाऱ्या लोकांना संगणक वापरायला शिकवते. आठवड्यातून दोनदा ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-वाशीकडे येते. तिथल्या आयटी आणि बॅक ऑफिसमधून येणाऱ्या तक्रारी तुमच्यासारख्याच असतात.

वीस मिनिटं कुठे गेली याचा मला अंदाज आहे. तुम्ही "शो नंबर्स" म्हणालात, पडद्यावर शंभरएक आकडे उमटले, त्यातला हवा तो शोधून "क्लिक फॉर्टी सेव्हन" म्हणालात. मग पान बदललं आणि पुन्हा "शो नंबर्स". म्हणजे माऊस जे करतो तेच तुम्ही तोंडाने करत होता. माऊसला डोळा आणि हात एकत्र लागतात. तेच काम आवाजाने करायला गेलं की प्रत्येक क्लिकसाठी शोधा, वाचा, बोला, थांबा अशा चार पायऱ्या होतात. ज्यांना आवाजावर काम जमलेलं मी पाहिलंय, ते जवळजवळ सगळे आधीपासून कीबोर्डचे शॉर्टकट जाणणारे होते, किंवा त्यांनी ते नव्याने शिकून घेतले. "प्रेस कंट्रोल एल" म्हटलं की कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत जातो, मग पडद्यावर काहीही असो. शोधायचं काही नाही, वाचायचं काही नाही. म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: माऊस बोलू नका, कीबोर्ड बोला.

आता भाषेचं, कारण इथे बराच गोंधळ असतो. आवाजाची कामं दोन आहेत आणि ती वेगळी धरली पाहिजेत. एक हुकूम: टॅब उघड, खाली जा, पाठव. दुसरं मजकूर: तुम्ही बोलता ते शब्द उमटणं. मजकुराच्या बाबतीत मराठीची स्थिती चांगली आहे. गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी आणली. विंडोजमध्येही विंडोज आणि एच ही बटणं एकत्र दाबली की उघडणाऱ्या व्हॉइस टायपिंगला मराठी येते. त्याला इंटरनेट लागतं. पण हुकुमांना मराठी नाही. व्हॉइस अ‍ॅक्सेसला इंग्रजी येते, त्यात भारतीय इंग्रजीचा पर्याय आहे, आणखी काही भाषा आहेत, मराठी त्यात नाही. अँड्रॉइडवरच्या व्हॉइस अ‍ॅक्सेसलाही नाही. हे मला खुपतं. संगणकाला "खाली जा" एवढं सांगायला माझ्या पेशंटना इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यातले काही जण केवळ त्या संकोचाने मागे हटतात. पण आज काम चालवायचं आहे, तर हुकुमांसाठी लागणारे वीस-पंचवीस इंग्रजी शब्द हे टीव्हीच्या रिमोटवरच्या बटणांसारखे धरा. त्यासाठी इंग्रजी यावी लागत नाही, तेवढे आवाज पाठ असले की पुरे.

यातून निघणारी एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. तुम्ही जीमेलची किंवा ब्राउझरची भाषा मराठी केली असेल, तर बटणांची नावं मराठीत येतात, आणि इंग्रजी ऐकणाऱ्या व्हॉइस अ‍ॅक्सेसला ती नावं घेऊन दाबता येत नाहीत. मेल मराठीत लिहा, पण बटणांची भाषा इंग्रजीच ठेवा. मानपाड्याच्या एका काकांचे तीन आठवडे यात वाया गेले होते. सेटिंगमधला एक पर्याय बदलला आणि त्याच दिवशी "क्लिक कंपोज" चालायला लागलं.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी माइक. लॅपटॉपचा आतला माइक विसरा. तो पंखा ऐकतो, कुकरची शिट्टी ऐकतो, शेजारच्या खोलीतली मालिकासुद्धा ऐकतो. कानातल्या ब्लूटूथ इअरफोनबद्दलही सावध राहा: गाणी ऐकताना त्यांचा आवाज कितीही छान असला, तरी त्यांचा माइक सुरू झाला की ते फोनकॉलच्या दर्जावर उतरतात, म्हणजे आवाज सेकंदाला फक्त 8,000 किंवा 16,000 वेळा मोजला जातो. 8,000 वर उतरलं तर "स", "श", "फ" यांच्यातला फरक ज्या उंच सुरांत असतो तोच भाग कापला जातो. तारेचा साधा यूएसबी हेडसेट घ्या, ज्याची माइकची दांडी वाकते. दांडी तोंडासमोर आणू नका, ओठांच्या कोपऱ्यापासून अंगठाभर बाजूला ठेवा. समोर ठेवली की "प" आणि "फ" म्हणताना श्वासाचा फटका बसतो आणि भलतंच काही उमटतं. ही जागा रोज तीच राहिली पाहिजे. सकाळी छान चालत होतं आणि दुपारी बिघडलं अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी दांडी बघते.

बोलण्याबद्दल एक समज मोडावा लागतो. लोक संगणकाशी लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून बोलतात. ती सवय जुनी आहे आणि तिला कारण आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीची सॉफ्टवेअर्स प्रत्येक शब्दानंतर थांबायला लावायची. 1997 मध्ये ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आलं आणि सलग बोलून लिहिणं सामान्य माणसाच्या संगणकावर शक्य झालं. आजची यंत्रणा शब्द ओळखताना आजूबाजूच्या शब्दांचा आधार घेते. तुम्ही तोडलंत की तो आधारच काढून घेता. मजकूर सांगताना आधी वाक्य मनात पूर्ण करा, मग एका श्वासात, नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या आवाजात सांगा. हुकूम मात्र सुटा द्या: आधी क्षणभर शांतता, मग हुकूम, मग पुन्हा क्षणभर शांतता. त्या शांततेवरूनच यंत्राला हुकूम कुठे संपला ते कळतं.

आता व्हॉइस अ‍ॅक्सेस. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, तिथे ते सुरू होतं. पहिल्यांदा भाषेची फाइल उतरवून घेतं, त्यानंतर इंटरनेट नसलं तरी चालतं. तुमच्या कामात पैशांचे आकडे असतात, म्हणून हे महत्त्वाचं: इथे आवाज तुमच्याच संगणकावर ओळखला जातो. ब्राउझरमधल्या किंवा फोनमधल्या बऱ्याच आवाजी सोयी आवाज कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतात, तेव्हा ऑफिसच्या आयटीवाल्यांना आधी विचारून घ्या. भाषा निवडताना इंग्लिश इंडिया निवडा. अमेरिकन इंग्रजी ठेवून आपले उच्चार वळवत बसण्यात काही अर्थ नाही.

पडद्याच्या वर एक पट्टी येते. तिच्याशी आधी मैत्री करा, कारण यंत्राने काय ऐकलं ते तिथे दिसतं. हुकूम चालला नाही की लोक तोच हुकूम मोठ्याने म्हणतात. त्याऐवजी पट्टीकडे बघा. चुकीचं ऐकलं असेल तर उच्चार किंवा माइक; बरोबर ऐकूनही काही झालं नसेल तर दोष त्या पानाचा. ही दोन दुखणी वेगळी, त्यांवरचे उपायही वेगळे.

त्याच पट्टीत तीन अवस्था मिळतात. "डिफॉल्ट मोड" मध्ये हुकूम आणि मजकूर दोन्ही चालतात, "डिक्टेशन मोड" मध्ये फक्त मजकूर, "कमांड्स मोड" मध्ये फक्त हुकूम. नवख्या माणसाने इनबॉक्स वाचताना आणि पोर्टलवर फिरताना कमांड्स मोडमध्येच राहावं, आणि मेलचा मजकूर सांगायला लागेपर्यंत त्यातून बाहेर येऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण पुढे जीमेलच्या भागात सांगते.

"व्हॉइस अ‍ॅक्सेस स्लीप" आणि "व्हॉइस अ‍ॅक्सेस वेक अप" हे दोन हुकूम पहिल्या तासात अंगवळणी पडले पाहिजेत. दाराची बेल वाजली, सासूबाई काही विचारायला आल्या, फोन आला, की आधी "स्लीप", मग उत्तर. माझ्याकडच्या प्रत्येक पेशंटच्या स्क्रीनच्या कडेला हे दोन हुकूम मोठ्या अक्षरात चिकटवलेले असतात. ते घरच्यांसाठीही असतात, म्हणजे पट्टी जागी असताना बोलायला येऊ नये हे त्यांनाही दिसतं.

ब्राउझरमध्ये सुरुवातीला सातच गोष्टी शिका. "प्रेस कंट्रोल एल" पत्त्याच्या पट्टीसाठी, "प्रेस कंट्रोल टी" नव्या टॅबसाठी, "प्रेस कंट्रोल टॅब" पुढच्या टॅबसाठी, "प्रेस ऑल्ट लेफ्ट" मागे जाण्यासाठी, "प्रेस कंट्रोल एफ" पानावर शोधण्यासाठी, "स्क्रोल डाउन", आणि चुकून बंद झालेला टॅब परत आणण्यासाठी "प्रेस कंट्रोल शिफ्ट टी". यातला कंट्रोल एफ आवाजावर काम करणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. लांबलचक पानावर एखादी लिंक हवी असेल तर कंट्रोल एफ, लिंकचा शब्द, मग "प्रेस एस्केप" आणि "प्रेस एंटर". क्रोममध्ये शोधलेला शब्द लिंकमध्ये असेल तर एस्केपनंतर लक्ष त्याच लिंकवर राहतं आणि एंटरने ती उघडते. आकडे नाहीत की शोधाशोध नाही. रोजची पाच-सहा पोर्टल्स बुकमार्क करून ठेवा आणि त्यांना एका शब्दाची नावं द्या; पत्त्याच्या पट्टीत तो शब्द आला की पूर्ण पत्ता आपोआप सुचतो.

आकडे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जिथे शॉर्टकट संपतो तिथे "शो नंबर्स" लागतंच. फक्त ते शेवटचं हत्यार ठेवा. त्याच्याही पुढचं "शो ग्रिड": पडद्याचे नऊ चौकोन होतात, आकडा म्हणालात की त्या चौकोनाचे पुन्हा नऊ, असं करत बिंदूपर्यंत पोचता येतं. नकाशा, एखादा आलेख, किंवा ज्याला नाव नाही आणि आकडाही येत नाही असं चित्रातलं बटण यासाठी ते आहे.

आणि अशी बटणं भेटतात, वारंवार भेटतात. डोळ्यांना "सबमिट" दिसतं, तुम्ही "क्लिक सबमिट" म्हणता, काही होत नाही, कारण पान बनवणाऱ्याने कोडमध्ये त्या बटणाचं नाव भलतंच काहीतरी ठेवलेलं असतं. जे दिसतं ते नाव कोडमधल्या नावातही असलं पाहिजे, असा वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, डब्ल्यूसीएजी 2.1 मध्ये, जून 2018 पासून नियम आहे, आणि तो सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पाळायलाच हव्यात अशा पातळीवरचा आहे. तरी तो मोडलेला रोज दिसतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण बटण दाबलं गेलं नाही की माझे पेशंट स्वतःच्या उच्चाराला दोष देतात. एका मुलीने माझ्यासमोर "सबमिट" अकरा वेळा म्हटलं होतं, अकराव्या वेळी डोळ्यांत पाणी होतं. पट्टीवर प्रत्येक वेळी शब्द बरोबर उमटत होता. चूक तिची नव्हतीच. तुमच्या कंपनीचं स्वतःचं पोर्टल असं वागत असेल, तर ते बनवणाऱ्यांना बटणाचं नाव आणि पानाचा पत्ता देऊन कळवा. दुरुस्ती बहुतेकदा एका ओळीची असते.

आता जीमेल, म्हणजे तुमचं मुख्य दुखणं. पूर्वी मी सगळ्यांना जीमेलचं साधं एचटीएमएल रूप वापरायला लावायची. नुसत्या लिंका आणि साधी बटणं, आवाजाला अतिशय सोयीचं. गूगलने ते 2024 मध्ये बंद केलं, आणि मला त्याची चुटपुट अजून आहे. आता नेहमीच्या जीमेलमध्येच शॉर्टकट सुरू करून घ्यावे लागतात: सेटिंग्ज, सगळ्या सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड शॉर्टकट्स चालू, आणि खाली जाऊन सेव्ह. मग सी म्हणजे नवा मेल, आर म्हणजे उत्तर, जे आणि के म्हणजे पुढचा-मागचा, यू म्हणजे यादीकडे परत, तिरकी रेघ म्हणजे शोध, ई म्हणजे अर्काइव्ह, म्हणजे मेल इनबॉक्समधून काढून साठवणीत टाकणं. पाठवायला "प्रेस कंट्रोल एंटर".

हे शॉर्टकट जेवढे उपयोगी तेवढेच धोक्याचे आहेत. आठ-एक वर्षांपूर्वी कळव्याच्या एका तरुणाला मी शिकवत होते. मानेखाली मणक्याला मार लागल्यामुळे त्याला एकही बटण दाबता येत नव्हतं. तेव्हा आम्ही वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची चौकट उघडी नसतानाही बोललेलं सगळं अक्षरं म्हणून टाइप व्हायचं. इनबॉक्स उघडा होता, त्याची आई चहा घेऊन आली, दोघं दोन मिनिटं बोलले. त्या गप्पांतल्या प्रत्येक ई ने एक मेल अर्काइव्ह झाला, काही मेल वाचले गेल्यासारखे झाले, काहींवर तारे लागले. नोकरीच्या मुलाखतीचा मेल त्यातच गेला होता. संध्याकाळी शोधून काढला आणि मुलाखत झाली, पण मी मोड शिकवण्याआधी शॉर्टकट शिकवले ही माझी चूक होती, आणि त्या दिवसापासून तो क्रम मी उलटा केला. एकेका अक्षराचे शॉर्टकट बंद करता यावेत किंवा बदलता यावेत, असाही नियम त्याच डब्ल्यूसीएजी 2.1 मध्ये आहे, आणि तो अशाच प्रसंगांसाठी आलेला आहे.

त्यात आणखी एक अडचण ध्वनीची आहे. इंग्रजीतली बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं सगळी "ई" वर संपतात आणि यंत्राला ती एकमेकांत मिसळून ऐकू येतात. आवाज ओळखण्याच्या शास्त्रात हा जुना आणि प्रसिद्ध त्रास आहे. जीमेलमध्ये सी ने नवा मेल उघडतो आणि ई ने मेल नाहीसा होतो, दोन्ही याच टोळीतली. म्हणून अक्षरं बोलूच नका, त्यांना नावं द्या. व्हॉइस अ‍ॅक्सेसमध्ये 2024 पासून स्वतःचे व्हॉइस शॉर्टकट बनवता येतात: तुम्ही ठरवलेला शब्दसमूह म्हटला की ठरवलेली बटणं दाबली जातात किंवा ठरवलेला मजकूर चिकटवला जातो. "स्टार्ट लेटर" म्हटलं की सी, "आन्सर लेटर" म्हटलं की आर. दोन-तीन शब्दांची, एकमेकांशी अजिबात न जुळणारी नावं निवडा. ई या अक्षराचं काम तर जीमेलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन, कस्टम कीबोर्ड शॉर्टकट्स चालू करून, दुसऱ्या एखाद्या बटणाला द्या. ऑफिसमध्ये जुनं आउटलुक वापरायची मुभा असेल तर आणखी चांगलं: तिथे नवा मेल कंट्रोल एन आणि उत्तर कंट्रोल आर असल्यामुळे चुकून सुटलेलं अक्षर मेलचं काही बिघडवत नाही.

मजकूर चिकटवणारा शॉर्टकट अकाउंट्सच्या कामात फार वेळ वाचवतो. तुमच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक, बँकेचा तपशील, "सोबत बिलाची प्रत जोडली आहे" अशी नेहमीची वाक्यं, आणि विशेषतः माणसांची व गावांची नावं. इंग्रजी मजकूर सांगताना "तुर्भे" किंवा "कोपरखैरणे" बरोबर उमटण्याची वाट बघू नका. एकदा नीट टाइप करून त्याला शॉर्टकट लावून टाका. मेलचा पत्ता सांगतानाही पूर्ण पत्ता बोलू नका. संपर्क यादीत माणसाला ओळखायला सोपं इंग्रजी टोपणनाव द्या, जसं "पेपर सप्लायर". ते म्हटलं की सुचवलेला पत्ता येतो, मग "प्रेस एंटर".

पाठवलेला मेल परत घेण्याची मुदत जीमेलमध्ये 5 सेकंदांपासून 30 सेकंदांपर्यंत ठेवता येते. ती आजच 30 करा. आवाजावर काम करणाऱ्याला "अन्डू" बोलून ते ऐकलं जाईपर्यंतच पाच सेकंद संपतात. आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरा: आधी मजकूर, मग विषय, मग पत्ता. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाऊ शकत नाही.

चुका दुरुस्त करताना एक शिस्त पाळा. सांगताना मध्ये थांबून दुरुस्त करू नका. परिच्छेद संपवा आणि मग मागे या. एखादा शब्द चुकला तर तो एकटा पुन्हा बोलण्यापेक्षा "सिलेक्ट" म्हणून त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन शब्द धरा आणि ते सगळे एकत्र बोला, कारण यंत्राला संदर्भ मिळतो. दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा बोलू नका, "करेक्ट दॅट" म्हणून दिलेल्या पर्यायांतून निवडा किंवा अक्षरं सांगा. तिसऱ्यांदा बोलताना आवाज चढतो, आणि चढलेला आवाज यंत्राला आणखी कमी कळतो.

मराठी मेलसाठी मी तुम्हाला वेगळी वाट सुचवते. तुमचे हात अजिबात न चालणारे नाहीत, फोनवर एक बोट टेकवता येतं. फोनच्या जीमेलमध्ये नवा मेल उघडा, जीबोर्डची, म्हणजे फोनवरच्या गूगलच्या कीबोर्डची, भाषा मराठी करा, माइकवर बोट ठेवा आणि पत्र सांगा. पाठवू नका, ड्राफ्ट म्हणून सोडून द्या. तोच ड्राफ्ट संगणकावरच्या जीमेलमध्ये येतो. तिथे विषय, पत्ता, जोडपत्रं ही कामं हुकुमांनी करा. मराठी सांगताना विरामचिन्हांची अपेक्षा ठेवू नका. वाक्यं छोटी ठेवा आणि पूर्णविराम शेवटी एकदाच घाला. बोलताना आपण "बिल", "पेमेंट", "ड्यू डेट" सहज म्हणतो आणि यंत्र ते कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये लिहितं, म्हणून पाठवण्याआधी एक नजर लागतेच.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. मॅक असेल तर 2019 पासून त्यात व्हॉइस कंट्रोल आहे, आकडे आणि ग्रिड तसेच आहेत, वेगळं काही घ्यायची गरज नाही. ड्रॅगन बनवणारी न्युअन्स कंपनी मार्च 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. ते सॉफ्टवेअर महाग आहे, लांब इंग्रजी अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टर-वकिलांना परवडतं, तुम्हाला त्याची गरज नाही. टॅलन नावाचं मोफत साधन ऐरोलीतले माझे प्रोग्रॅमर पेशंट वापरतात. त्याने अक्षरांचा तो "ई" चा गोंधळच मिटवलाय, प्रत्येक अक्षराला छोटा वेगळा शब्द दिलाय: ए साठी एअर, बी साठी बॅट, सी साठी कॅप. त्याला रँगो हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन जोडलं की प्रत्येक लिंकवर एक-दोन अक्षरं दिसतात आणि तेवढी म्हटली की लिंक उघडते. वेग विलक्षण आहे, पण शिकायला महिने लागतात. विंडोजमध्येच पूर्वी असलेलं स्पीच रेकग्निशन आता मागे पडलंय. त्याचे जुने व्हिडिओ बघून हुकूम पाठ करू नका.

बँक आणि ओटीपी: पासवर्ड, पिन आणि ओटीपी कधीही मोठ्याने म्हणू नका, घरीसुद्धा. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर, लॉगिनसाठी चेहरा किंवा बोटाचा ठसा, आणि ओटीपीचे सहा आकडे हाताने. दिवसातून दहा-पंधरा वेळा सहा आकडे दाबल्याने तुमच्या मनगटाचं नुकसान होणार नाही. चार तास माऊस धरण्याने होतं. ज्यांना तेवढंही करता येत नाही त्यांच्यासाठी लढाई अजून चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि ओळख पडताळणीची प्रक्रिया अपंग व्यक्तींना करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. माझ्या कळव्याच्या पेशंटसाठी हा निकाल म्हणजे बँकेच्या शाखेत दाखवण्याजोगा कागद आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगितलंच पाहिजे ते: घसा. मनगट वाचवताना लोक आवाज घालवून बसतात. दिवसभर सपाट, एकसुरी, किंचित चढ्या आवाजात बोलणं स्वरयंत्राला शिकवण्याच्या तासापेक्षा जड जातं. पहिल्या आठवड्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांवर जाऊ नका, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि संध्याकाळी आवाज बसल्यासारखा वाटला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. सगळं काम आवाजावर नेण्याचा हट्टही धरू नका. थोडं आवाजावर, थोडं हातावर, थोडं फोनवर असं वाटून टाकलं की कुठलाच अवयव सबंध भार घेत नाही. मनगटाचे व्यायाम आणि पट्टा डॉक्टरांनी सांगितलाय तसा चालू ठेवा. आवाजाने मनगटाला विश्रांती मिळते, उपचार होत नाहीत.

पहिल्या आठवड्यात ऑफिसचं काम यावर करू नका. रोज वीस मिनिटं, घरात कोणी नसताना, ब्राउझरचे ते सात हुकूम आणि स्वतःलाच पाठवलेला एक मेल, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात व्हॉइस शॉर्टकट बनवा. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमध्ये न्या. माझ्या अनुभवात साधा चार ओळींचा मेल दोन-तीन मिनिटांवर यायला बहुतेकांना असा तीन आठवड्यांचा काळ लागतो.

ऑफिसमध्ये नेण्याआधी मॅनेजरकडे लेखी मागणी करा, कारण उघड्या हॉलमध्ये शेजाऱ्याला त्रास न होता हे जमणार नाही. तोच मेल तुमचा आवाजावरचा पहिला खरा मेल होऊ द्या. आधी "स्टार्ट लेटर", मग डिक्टेशन मोड, आणि इंग्रजीत छोट्या वाक्यांत हे सांगा: डॉक्टरांनी तीन महिने टायपिंग कमी करायला सांगितलं आहे, प्रमाणपत्र जोडलं आहे, मी विंडोजमधल्याच सोयीने आवाजावर काम करणार आहे, त्यासाठी वेगळा खर्च नाही, तारेचा एक यूएसबी हेडसेट हवा आहे, रोज सकाळी दोन तास छोटी मीटिंग रूम हवी आहे, आयटी विभागाने माझ्या लॅपटॉपवर व्हॉइस अ‍ॅक्सेस चालू ठेवण्याची परवानगी द्यावी. मग कमांड्स मोडमध्ये या, पूर्ण मेल एकदा वाचून काढा, सगळ्यात शेवटी पत्ता भरा आणि म्हणा, "प्रेस कंट्रोल एंटर".